प्रायमरखालचं तेल

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं : ‘प्रायमर मारलेले. थेट रंगवा.’ कुणी मारलेले, ते नसतं. मी मारते. अकरा वर्षं झाली.

आमच्या कारखान्यात टेबलावर लढाई खेळणाऱ्यांसाठी पडकी घरं बनतात. ढासळलेले बुरूज, फुटक्या भिंती, अर्ध्या कमानी, सगळं वितीएवढं. चांगली कमावती, टक्कल पडलेली माणसं बोटाएवढे सैनिक त्यांच्याआड लपवतात आणि फासे टाकतात. धड घर कुणी मागत नाही. भेग नीट उमटली नाही, तर तो तुकडा आमच्याकडे खराब म्हणून बाजूला जातो.

साच्यात आधी तेल फवारावं लागतं, नाहीतर प्लास्टिक सुटत नाही. ते तेल तुकड्याला चिकटून येतं. म्हणून तुकडे साबणाच्या टाकीत घासायचे, वाळवायचे आणि मग माझ्याकडे द्यायचे. माझी खोली बंद, काचांवर फवाऱ्याचा राखाडी थर बसलेला. खिडकीतून वाळलेला माल आत येतो, रंग धरायचं हे अस्तर मी फवारते आणि तो राखाडी होऊन दुसऱ्या खिडकीतून बाहेर जातो. टाकीवर तिघी होत्या. चार महिन्यांपूर्वी तिघींना एकाच दिवशी घरी पाठवलं. नवीन तेल आपोआप उडून जातं, असं वरून सांगण्यात आलं. टाकी पालथी घातली. आता तिच्यावर बसून लोक डबा खातात.

मग तक्रारी यायला लागल्या. रंग पापुद्र्यासारखा निघतो, प्रायमरसकट. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. ते माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत.

“मावशी, तुमचा थर जाड बसतोय. वय झालं की हात जड होतो.”

“हात तोच आहे. खाली तेल आहे.”

“तेल उडून जातं.”

“कागदावर उडत असेल.”

“वाद नको, मावशी. येत्या सोमवारपासून स्प्रेवर दुसरा माणूस घेतोय. तुमचं पॅकिंगमध्ये बघू. जागा असली तर.”

मावशी म्हणून काढलं की कमी लागतं, असं यांना कुठे शिकवतात कोण जाणे.

“तेल दाखवून दिलं तर?”

ते हसले. “दाखवा की. सोमवार सकाळपर्यंत.”

कारखान्यात टाकीच्या वेळचा, धुतलेला माल शिल्लक नव्हता. म्हणून शनिवारी दुपारी मी दुकानात गेले. असल्या दुकानात पाय ठेवायची पहिलीच वेळ. आत दोन टेबलं होती. चार-पाच मोठी माणसं गुडघ्यांवर बसून, टेबलाच्या कडेला डोळा लावून, आपला सैनिक समोरच्याला दिसतो का ते बघत होती.

“मुलासाठी?” दुकानदाराने विचारलं.

“माझ्यासाठी.”

“मग हे घ्या. प्रायमर मारलेलंच येतं. तुम्हाला काही त्रास नाही.”

“कोण मारतं?”

“मशीन मारतं हो.”

“मशीन मीच.”

विनोद समजून तो हसला. मी एकेक खोकं पालथं करून बुडावरची तारीख वाचायला लागले.

“काकू, भेंडी निवडताय का?” टेबलावरून एकजण ओरडला. गळ्यात मोजायची टेप, हातात फासे.

सर्वांत खालच्या फळीवर, कोपरा फाटलेल्या खोक्यात, आठ महिन्यांपूर्वीचा बुरूज मिळाला. तोच बुरूज गेल्या महिन्यातला, असा दुसरा घेतला.

“दोन्ही एकच आहेत,” दुकानदार म्हणाला.

“नाहीत. पक्कं बिल द्या.”

रंगाच्या चार बाटल्या आणि दोन ब्रश घेतले. टेपवाला उठून जवळ आला आणि न विचारता सांगायला लागला. भेगांत काळ्या रंगाचं पाणी सोडायचं. वाळलं की ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि कडांवरून नुसता फिरवायचा. “हात मात्र हलका पाहिजे, काकू.”

“तेच तर ठरायचंय,” मी म्हटलं.

रविवारी सकाळी ओट्यावर जुना पेपर पसरला. नवरा गाडीवर, आठवडाभर बाहेर. घरात मी आणि थोरली नणंद. वन्संचं तोंड कधी सुट्टी घेत नाही.

“घराच्या भिंतींना तीन वर्षं ब्रश लागला नाही. आणि बाईसाहेब बाहुलीचं घर रंगवतायत. तेही पडकं!”

“वन्सं, जुनी ताटली द्या.”

“अजून काय? वारा घालू?”

“घाला. लवकर वाळेल.”

आणि त्या खरंच पुठ्ठा घेऊन वारा घालत बसल्या.

दोन्ही बुरूज बरोबरीने रंगवले. एक हात इकडे, एक हात तिकडे. ब्रश तोच, रंग तोच. काळं पाणी भेगांत पळालं. कोरडा ब्रश फिरवला तसा दगडन् दगड उठून दिसायला लागला. अकरा वर्षांत असे हजारो बुरूज हाताखालून गेले असतील. पुढे त्यांचं काय होतं, ते मी पहिल्यांदाच बघत होते.

“खिडकीखाली हे हिरवं काय?” वन्संनी विचारलं.

“शेवाळ.”

“असलं शेवाळ असतं? पाणी गळतं तिथे वरून बारीक येतं आणि खाली पसरतं. ये, बघ.”

आम्ही दोघी न्हाणीत जाऊन भिंतीवरचा डाग बघून आलो. मग दोन्ही खिडक्यांखाली तोच डाग उतरवला. दुसऱ्या बुरजावरचा तर वन्संनीच काढला, माझ्या हातातून ब्रश ओढून घेऊन.

“उद्या याचं काय करणार?”

“चिकटपट्टी लावून ओढणार.”

“दोन्हीवर? एवढं केलंस आणि?”

“एकावरच ओढली तर कोण मानेल?”

जुन्याचाही रंग निघाला, तर हात खरंच जड झालाय. ते मी वन्संना सांगितलं नाही.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर दोन बुरूज, दोन खोकी आणि बिल ठेवलं. “पट्टी तुम्हीच ओढा,” म्हटलं.

नव्यावरची पट्टी अर्धी भिंत घेऊनच आली, वन्संच्या डागासकट. खाली पांढरं प्लास्टिक चकाकत होतं. मी त्याच्यावर बोट फिरवून तेच बोट टेबलाच्या काचेवर ओढलं. ओशट रेघ उठली.

जुन्यावरची पट्टी त्यांनी गरजेपेक्षा जास्त जोर लावून ओढली. काही आलं नाही. पुन्हा ओढली. नाही.

“तेव्हा प्रायमर वेगळा असेल.”

“डबा तोच, हात तोच. फक्त टाकी पालथी नव्हती.”

त्यांनी खोकं पालथं करून तारीख वाचली. “ठीक आहे. तो माणूस येणार नाही. स्प्रेवर तुम्हीच राहा. पण त्या तिघींचं जमणार नाही, वरचे ऐकायचे नाहीत. खोक्यावर एक ओळ छापू : रंगवण्याआधी साबणाने धुऊन घ्या.”

“तेल प्रायमरच्या खाली आहे. वरून धुऊन काय होणार?”

“धुतल्याचं समाधान, मावशी.”

माझं काम झालं होतं. गप्प बाहेर पडायला हवं होतं. पडले, पण आधी ती पट्टी उचलली आणि खोलीत मास्कच्या खुंटीशेजारी भिंतीला चिकटवली. मग टाकीवर डबा खाणाऱ्यांना उठवलं, टाकी सरळ केली, नळाखाली भरली आणि घासायला बसले. धुतल्याशिवाय फवारणार नाही, असं जो येईल त्याला सांगितलं.

संध्याकाळी साहेब आले. “रोजचे चारशे कुठेत?”

“नव्वद आहेत. पण यांचा रंग निघायचा नाही.”

“मला वर कळवावं लागेल.”

“कळवा. ती पट्टीही पाठवा.”

पट्टीकडे बघून ते निघून गेले. असे तीन दिवस, बुधवारपर्यंत, नव्वद-नव्वदच निघाले. चौथ्या दिवशी साहेबांच्या निरोपावरून टाकीवरच्या तिघींतली थोरली आली. बाकी दोघींना निरोप नव्हता. एकटी का होईना, आली. मला वाटलं, जिंकले.

तिने टाकीत हात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

“गार पाणी?”

“साबण आहे की.”

“गार पाण्याने तेल जातं होय गं? खरकटं तरी निघतं का तुझ्या घरी? रोज सकाळी तासभर आधी येऊन पाणी तापवायचो आम्ही. बघितलं नाहीस कधी?”

नव्हतं बघितलं. माझी खोली बंद असते.

पॅकिंगमधून सोमवारचा एक तुकडा आणून पट्टी लावली आणि ओढली. माझा प्रायमर अख्खा पट्टीबरोबर आला.

दोनशे सत्तर तुकड्यांचे क्रेट मी ढकलत टाकीकडे परत आणायला लागले. साहेब दारात उभे राहिले. “आता काय झालं?”

“या सगळ्यांचा रंग निघणार. या वेळी चूक माझी. लिहून घ्या.”

त्यांनी लिहिलं की नाही, मला माहीत नाही. थोरलीने तोवर हीटर लावला होता. पाण्याला वाफ आली, तसा पहिला क्रेट आत सोडला. तिने दोनदा ब्रश फिरवला आणि माझा राखाडी थर सायीसारखा सुटून वर तरंगला.

“हात हलका आहे हो तुझा,” ती म्हणाली. “नीट बसला असता तर काढताना जीव गेला असता. दुसरा ब्रश घे.”