मागून काढायचा फोटो

मी एक जुना कंगवा आहे, मित्रांनो. माझे दोन दात पडलेत, पण बडबड काही कमी झालेली नाही. कारखान्यातलं फारसं आठवत नाही. गरम साचा आणि खोक्यातला अंधार, एवढंच. तिथून मी एका फोटो स्टुडिओत आलो. आरशाशेजारच्या खिळ्यावर माझी जागा. ओळखपत्राचा फोटो काढायला आलेला माणूस आधी मला हातात घ्यायचा. भांग छान पडला की मलाच आनंद व्हायचा.

आता लोक मोबाईलवर घरीच फोटो काढतात. मी दिवसचे दिवस नुसता लटकलेला असतो. फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू?

माझे मालक फोटोग्राफर. तेही एकटेच. त्यांचे केस वर्षानुवर्षं माझ्याच दातांत अडकत गेले. वाटायचं, हे पाप माझंच. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला निघताना ते तासभर आरशासमोर उभे राहिले. मग मला खिळ्याला अडकवलं, नवे कपडे उतरवले आणि घरीच बसले. तेव्हापासून त्यांची ताई त्यांच्याशी बोलत नव्हती.

शेवटी त्यांनी केस लावून घ्यायचं ठरवलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "मागचे केस काढून पुढे लावायचे. आधी चारी बाजूंनी आणि वरून फोटो पाठवा."

फोटो म्हणजे त्यांच्या हातचा मळ! पण मागून काढणार कोण? कॅमेऱ्याचं बटण दाबून ते पळत स्टुलावर जाऊन बसत. कधी नुसता कान यायचा, कधी कॉलर. कसेबसे जमले, तर सवयीने संगणकावर टचिंग करून डोक्यावरच्या विरळ जागा भरून टाकल्या आणि दिले पाठवून! मी कपाळावर हात मारला असता, पण मला हात कुठेत?

डॉक्टरांचा फोन आला. "अहो, यात टक्कल आहे कुठे?"

"माफ करा साहेब, गिऱ्हाइकांचे करतो तसं सवयीने..."

"मागून काढलेले केस तिथे परत उगवत नाहीत. माझा अंदाज चुकला तर भोगाल तुम्ही. घरच्या कुणाला तरी काढायला सांगा."

घरच्या कुणाला! दोन दिवस ते फोन हातात घेत आणि खाली ठेवत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताईला फोन केला.

ती आली. तिने मला खिळ्यावरून काढलं आणि त्यांचे केस हलकेच बाजूला केले. मग थांबली.

"लग्नाला आला नाहीस, ते यासाठी?"

"लग्नाचे फोटो बघून सगळे मला हसले असते गं."

"वेडा रे वेडा! मला वाटलं, आम्ही तुला नकोसे झालो." तिने कॅमेरा उचलला. "आता मान हलवू नकोस."

फोटो थोडे हललेत, पण खरे आहेत. शस्त्रक्रियेची तारीख ठरली; ताई सोबत जाणार आहे. नंतर बरेच दिवस कंगवा लावायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. म्हणजे मी पुन्हा एकटा. असू दे.

मित्रांनो, कंगवा धुऊन-पुसून ठेवत जा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. आपलं माणूस कार्याला आलं नाही, तर रुसून बसू नका. त्याच्या घरी जा आणि विचारा. माझे मालक दोन वर्षं ताईच्या त्याच एका प्रश्नाची वाट बघत होते, मी रोज बघत होतो.