ज्यानं तुडूम उघडला

आंधळगावच्या हर्षाला तिच्या 'पाणपाळी'साठी कुठकुठली माणसं फुकटात मदत करतात, हे तिच्या वडिलांना, केशवरावांना, अजून खरं वाटत नसे. तलावाचं पाणी आज कोणाच्या धानाला जाणार, एवढंच तर ते ॲप सांगतं! पण ते मुक्त सॉफ्टवेअर होतं. कोड सगळ्यांना खुला. ज्याला सुधारणा सुचेल त्याने पाठवावी, हर्षाने तपासून घ्यावी. यंदा मात्र एआयने लिहिलेल्या कोडचा नुसता पूर आला. वरून गोंडस, आतून पोकळ. पाठवणाऱ्याला शंका विचारावी, तर तो उत्तरही एआयकडूनच लिहून आणायचा. तपासता तपासता पोरीच्या नाकी नऊ आले.

म्हणून रविवारी तिने सगळ्यांची ऑनलाइन बैठक बोलावली आणि नियम मांडला: एआयचा कोड बंद. पुण्याच्या गुंजनने लगेच दुजोरा दिला. आता मतं पडली की सुटले, अशा आनंदात हर्षा होती.

तेवढ्यात पवनीच्या खुशालने हात वर केला. खुशालचं खताचं दुकान. पाळी आली की फोनने ती बोलून सांगावी, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल, हे हर्षाचं जुनं स्वप्न. तो भाग खुशालनेच नुकताच पाठवला होता आणि उद्या सकाळी गावच्या तलावावर त्याची चाचणी होती.

"ताई, तो मी एआयकडून लिहून घेतला," तो म्हणाला. "मले कोडिंग थोडंसंच येते. नियम झाला तर माहा भाग काढून टाका."

गप्प बसला असता तर कोणाला कळलं असतं? आणि आता हर्षाच्याच नियमाने तिचंच स्वप्न जाणार होतं.

तिची नजर कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या केशवरावांकडे गेली आणि तिला एकदम हसू फुटलं. गावची रीत अशी, की तलावाचा तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, ज्याने उघडला त्याने धानाची शेवटची बांधी भरेपर्यंत तलावाच्या काठावरून, पारीवरून, हलायचं नाही. गेल्या साली केशवराव तुडूम उघडून चहाला घरी आले आणि तिकडे शेताचा बांध फुटला. जाब विचारला, तर म्हणे तुडूम उघडायची सब्बल, म्हणजे पहार, शेजारच्या केवळरामची होती! अख्खं गाव पोट धरून हसलं होतं.

हर्षाने आपला मसुदा सगळ्यांसमोर पुसला. तिने नवा नियम लिहिला: एआय वापरला तर तसं सांगा. जे पाठवाल ते स्वतः समजावून द्या. चूक निघाली तर दुरुस्त होईपर्यंत जागा सोडू नका.

मग तिने वडिलांचा तो किस्सा सगळ्यांना सांगितला. "सब्बल कोणाची बी असो," ती म्हणाली, "पारीवर माणूस उभा पाहिजे."

गुंजनला पटेना. मग खुशालने आत्ताच समजावून दाखवावं, असं हर्षाने सुचवलं. खुशाल घाम पुसत एकेक ओळ सांगत गेला आणि शेवटाकडे अडकला. हे मले समजत नाही, म्हणत त्याने तो तुकडा सर्वांदेखत उडवला. तिथलं आपल्या हाताने लिहून देतो, म्हणाला. नव्या नियमासाठी पहिला हात वर गेला तो गुंजनचा. मग भराभर सगळे. हर्षाला खुर्चीत बसवेना.

सकाळी ती वडिलांना घेऊन तलावावर पोचली, तर पारीवर खुशाल हजर. पवनीहून पहाटेच मोटारसायकल हाणत आला होता. तेवढ्यात केशवरावांच्या खिशातून खणखणीत आवाज आला: "केशवराव, तुमची पाळी आली. तुडूम उघडा. अन् चहाले घरी जाऊ नका."

केशवराव चपापले. "हे बी एआयनंच लिहिलं काय?"

"नाही काकाजी," खुशाल म्हणाला, "तेवढं माह्या हातचं आहे."

केशवरावांनी तुडूम उघडला आणि मुकाट्याने पारीवर बसले. शेजारी खुशालही बसला, शेवटची बांधी भरेपर्यंत.