आधी कपडा, मग पावती

दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत. दातांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या, आणि तरी बोलणं काही थांबत नसे. कपडे धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती आल्टरेशन करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट उसवून सैल कर. तिचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला तारीख घातलेली पावती द्यायची, आणि कपडा त्याच्या हातात पडेपर्यंत ती परत घ्यायची नाही. कुणी घाईने आधीच पावती पुढे केली, तर त्यालाच झापायची, "ठेवा तुमच्याकडे. उद्या मी कपडाच नाही दिला तर काय दाखवाल?"

आणि हीच बाई अर्जाची सरकारी पावती कपाटात जपून साडेचार वर्षं वाट बघत बसली होती, बोला! नवरा-बायको या देशात, लेक तिकडे मायदेशी मावशीकडे. तिला इकडे आणायचा अर्ज केला तेव्हा पोरगी सोळाची होती. आता एकवीस पूर्ण व्हायला सत्तर दिवस उरले होते. एकवीस झाली की ती आईबापांच्या अर्जातून बाद. मग नवा अर्ज, नवी रांग, पुन्हा तेच भिजत घोंगडं. फोन केला की उत्तर यायचं, 'विचाराधीन आहे.' पत्र टाकलं, तेच. निवडून आलेल्या साहेबांच्या कचेरीतून विचारणा करवली, तेव्हाही तेच उत्तर आलं, फक्त कागद चांगला होता.

एकदा एक वकीलबाई काळा कोट घालून मापाला उभ्या होत्या. टाचणीचं सगळं ऐकून म्हणाल्या, "कोर्टात जाता येतं. पण कोर्ट त्यांना 'हो म्हणा' असं नाही सांगणार हं. 'उत्तर द्या', एवढंच सांगेल. ते नाहीसुद्धा म्हणू शकतात."

टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "म्हणू देत. निदान कुणीतरी फाइल उघडून म्हणेल."

नवरा दवाखान्यात स्ट्रेचर ढकलायचा. दिवसभर लोकांना 'जरा सरका' म्हणायचं, तेही अदबीने. त्याचा धीरच सुटला. "हात दाखवून अवलक्षण कशाला? पाण्यात राहून माशाशी वैर नको."

"कसला मासा? साडेचार वर्षांत त्याचं शेपूट हललेलं नाही."

"आणि चिडून नाकारलं तर?"

भीती तिलाही वाटत होती. पण पोरगी महिनाभर तापाने पडली तेव्हा ही इकडे दुसऱ्यांच्या बाह्या शिवत होती, ते तिला विसरता येत नव्हतं. तिने कोर्टाच्या कागदांवर सही केली.

तीन आठवड्यांनी सरकारी वकिलाचा निरोप आला. केस मागे घ्या, साठ दिवसांत निर्णय देतो. नवऱ्याला हर्ष झाला. पेन शोधून आणलं, टोपण काढून तिच्यापुढे धरलं. ती मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन मोजत बसली. पोरीचे अठ्ठेचाळीस दिवस उरले होते.

"साठाव्या दिवशी ती एकवीस वर्षं आणि बारा दिवसांची असेल," ती म्हणाली. "टोपण लाव."

"नाही म्हटलंत तर ते लढतील," वकीलबाईंनी बजावलं. "न्यायाधीश काय करतील, माझ्या हातात नाही."

"लढू देत. लेक माझ्या दारात उभी राहील, त्या दिवशी केस मागे घेईन. आधी कपडा, मग पावती. असंच लिहा."

वकीलबाईंनी ते जरा सभ्य भाषेत लिहिलं. नवरा दोन दिवस धुसफुसत होता. तिसऱ्या दिवशी कपाटातली पावती घेऊन गेला आणि संध्याकाळी प्लास्टिकमध्ये मढवून आणली. म्हणाला, "घडीवर फाटायला आली होती. कोर्टात दाखवायला लागेल." टाचणीने त्याला जास्तीची भाकरी वाढली.

अकरा दिवस उरले असताना, न्यायाधीशांनी काही सांगायच्या आधीच, उत्तर आलं. हो. साडेचार वर्षं ज्या कचेरीला वेळ नव्हता, तिने दोन ओळींत काम उरकलं होतं.

पुढच्या आठवड्यात वकीलबाई केस मागे घ्यायचा कागद घेऊन दुकानात आल्या. "लेक विमानात बसली ना? आता करा सही."

"विमानात आहे. दारात नाही," टाचणी म्हणाली आणि मशीन चालवायला लागली.

वकीलबाई हसून बाकावर बसल्या. तासाभराने नवऱ्याने दुकानाचं दार उघडलं. त्याच्यामागून बॅग ओढत एक उंच मुलगी आत आली. तिच्या कोटाच्या बाह्या चार बोटं आखूड होत्या. आईने तो जुन्या मापावर शिवून पाठवला होता.

टाचणीने टाचण्या बशीत काढून ठेवल्या. लेकीला पोटाशी धरलं, चांगलं दाबून पाहिलं, आणि मग एका हाताने सही केली.