हो-ना सरांचा शेवटचा प्रयत्न

माणसांवर संशोधन करायचं तर आधी माणसांशी कसं वागावं याची ऑनलाइन परीक्षा द्यायची, असा नियम विद्यापीठाने काढला आणि मानसशास्त्र विभागातल्या हो-ना सरांचं घोडं तिथेच अडलं. दोनदा नापास. सरांना हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं, कारण त्यांचं वाक्य "हो ना?"ने संपायचं आणि समोरचा "हो" म्हणेपर्यंत ते पुढचं सुरू करत नसत.

नापास सर होत होते आणि जीव टांगणीला लागला होता धाकटीचा. धाकटी म्हणजे त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी सगळ्यांत नवी मुलगी. मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र नाही तर प्रयोगाला परवानगी नाही, आणि महिनाअखेर प्रयोग सुरू झाला नाही तर तिची नोंदणी रद्द. बरं, विषय तरी तिचा होता का? दवाखान्यात ताटकळणारी अनोळखी माणसं एकमेकांशी काय बोलतात, ते तिला अभ्यासायचं होतं. सर म्हणाले, "त्यापेक्षा आपल्या वर्गातल्या मुलांची एकाग्रता घे. मुलं हाताशीच आहेत, हो ना?" ती हो म्हणाली. घरी आई चिडली, "परीक्षा तुझ्या सरांची आणि वर्ष तुझं बुडणार. त्यांना शिकवणी लावा म्हणावं."

तिसरा प्रयत्न शेवटचा होता. सरांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना आपल्या संगणकाभोवती बसवलं. परीक्षा एकट्याने द्यावी अशी सूचना पडद्यावर होती, पण ती नवशिक्यांसाठी असते असं सरांचं मत पडलं. माहितीचं पान ठरावीक वेळ उघडं राहिल्याशिवाय सरकत नव्हतं, तेवढ्यात सर्वांचा चहा झाला. वाचलं कुणीच नाही.

मग दरवेळचा तो प्रश्न आला. 'प्राध्यापक स्वतःच्याच विद्यार्थ्यांना प्रयोगात भाग घ्यायला सांगतात. सगळे तयार होतात. ही संमती खुशीची मानावी का?'

"मानावी," सर म्हणाले. "सगळे तयार आहेत म्हटल्यावर विषयच संपला. हो ना?"

"अगदी बरोबर, सर," थोरला म्हणाला. थोरला कित्येक वर्षं पीएचडी करत होता आणि त्याचा प्रबंध सरांच्या सहीसाठी टेबलावर पडून होता. प्रयोगशाळेच्या सहायकानेही री ओढली. मागच्या दोन्ही खेपांनाही अशीच एकमताने चर्चा झाली होती. चूक कुठे झाली ते संगणक सांगत नसे, त्यामुळे संगणकातच काहीतरी बिघाड असावा यावरही एकमत होतं.

"तू का गप्प?" सर धाकटीकडे वळले.

धाकटीला उत्तर ठाऊक होतं. दोन्ही वेळा ठाऊक होतं आणि दोन्ही वेळा ती मूग गिळून बसली होती. आता हो म्हणावं तर नोंदणी जाते, नाही म्हणावं तर सर बिथरतात. तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "सर, मी उत्तर नाही दिलं तर चालेल?"

"असं कसं चालेल? सगळे हो म्हणालेत. तुलाही म्हणावंच..."

सर थांबले. थोरला रिकाम्या कपात काहीतरी शोधू लागला. सरांनी प्रश्न पुन्हा वाचला, या वेळी ओठ हलवत, आणि काही न बोलता 'नाही'वर क्लिक केलं. थोड्याच वेळात प्रमाणपत्र आलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना, कारण सरांनी विचारलंच नव्हतं.

माणूस हट्टी खरा, पण एखादी गोष्ट पटली की त्यातही हट्टीच. दुसऱ्या दिवशी सर धाकटीला घेऊन वर्गात गेले. "ज्यांना प्रयोगात भाग घ्यायचा नाही त्यांनी खुशाल उठून जावं," त्यांनी दारात उभं राहून जाहीर केलं. कुणी जागचं हललं नाही. सरांचा चेहरा खुलला. "बघ, आपणहून थांबलेत सगळे. हो ना?"

"सर, तुम्ही दार अडवलंय," धाकटी हळूच म्हणाली. "जरा बाहेर जाता का?"

सर गेले आणि त्यांच्या पाठोपाठ अख्खा वर्ग गेला. मागच्या बाकावर एकच जण उरला, तो झोपला होता. धाकटीला रडू कोसळायचंच बाकी होतं. महिनाभराची धडपड तिने स्वतःच्या तोंडाने मातीत घातली होती, आणि तरी तिला हलकं वाटत होतं. त्या हलकेपणाचाच तिला राग आला.

सर परत आले. रिकाम्या बाकांवरून त्यांनी नजर फिरवली आणि पहिल्याच बाकावर मटकन बसले.

"सगळे गेले."

"हो, सर."

सर म्हणाले, "हा विषय तुझ्याही गळ्यात मीच मारला. तुला तो हवाय का?"

"नाही, सर," ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि बाकावर सरकून तिला जागा केली. "बस. माझ्यामुळे उशीर झाला असं लिहून मी पीएचडीच्या समितीकडे मुदत मागतो. तोवर दवाखान्यातल्या त्या माणसांचं तुला काय शोधायचंय, ते सांग. मी मधे बोलणार नाही."