जाड सालीचं फळ

सगुणकाकाच्या पोटात मालतीकाकीची किडनी आहे, ही बातमी डिचोली बाजारात कोणालाच नवी नव्हती. खाणीच्या ट्रकांचे स्पेअर पार्ट विकायचं काकाचं दुकान. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तो शर्ट वर करून टाके दाखवायचा आणि म्हणायचा, "पार्ट सेकंडहँड, पूण कंपनी ओरिजिनल!" काकी मागच्या घरातून ओरडायची, "शर्ट सकयल घेयात, लोक पळयतात!" लोक बघतात, याची लाज तिलाच. ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं होतं. दोघं पूर्वीसारखी भांडत होती, म्हणजे दोघंही ठणठणीत होती.

मी गौरवी, काकाच्या धाकट्या भावाची मुलगी. तेव्हा मी ताळगावला विद्यापीठात एमएस्सी करत होते. चवथीला, म्हणजे गणपतीला, घरी आले, तर पाटावर बसल्या बसल्या काकाने मला नेहमीप्रमाणे फैलावर घेतलं.

"तूं थंय काँप्युटराचेर झाडपालो सोदता म्हण आयकलां. आमच्या परसांत सोदिल्लो जाल्यार बसभाडें तरी वाचपाचें."

मी समजावून सांगितलं. बऱ्याच आजारांत शरीरातलं एखादं प्रोटीन नको तेवढं काम करत असतं. त्या प्रोटीनला एक खोबण असते. झाडातलं एखादं बारीक द्रव्य त्या खोबणीत नेमकं जाऊन बसलं, तर प्रोटीनचं काम थांबतं. कोणतं द्रव्य कोणत्या खोबणीत बसेल, हे मी कॉम्प्युटरवर जुळवून बघते.

"बसता, आनी मागीर उठता?" काकीने विचारलं.

"कांय उठतात. कांय उठनातच."

"म्हणजे आमगेले चवथीचे सोयरे," काका म्हणाला, आणि पंगतीतल्या सोयऱ्यांनीच सर्वांत मोठ्याने हसून घेतलं.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली फळं, कंद, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे टांगायचे. त्यात तोरंजन हवंच, म्हणजे तुमचं पपनस. काकीचं माहेर इथल्याच चोपडे गावचं. तिथे नदीकाठी त्यांचं तोरंजनाचं झाड आहे, आणि तिचा भाऊ गुरुदास दर चवथीला गोणीभर फळं आणून टाकतो. माटोळीला दोन-चार लागतात, बाकीची घरात. विसर्जन झाल्यावर माटोळीतलीही खाली उतरतात.

ऑपरेशननंतर दोतोराने, म्हणजे डॉक्टरने, काकाला खाण्याचे शंभर नियम सांगितले होते. त्यातला एक काकीने तोंडपाठ केला होता. बाहेरचं कापलेलं फळ नको. खायचंच तर जाड सालीचं, घरी सोललेलं. तोरंजनापेक्षा जाड साल जगात कोणाची आहे? तिने हात साबणाने धुऊन ती बोटभर जाडीची साल काढायची, आतला पांढरा पापुद्रा सोलायचा, गुलाबी गर सुटा करायचा आणि वाटी भरून काकापुढे ठेवायची. रोज. काका सगळं मिठाविना, तिखटाविना खात होता. या एका वाटीला मात्र चव होती.

विसर्जनानंतर मी काकाला भेटायला दुकानात गेले. तो एका बोल्टावर नट चढवत होता. नट तीनदा खाली पडला. मी हसणार, इतक्यात त्याचे हात दिसले. दोन्ही हात थरथरत होते. त्याने ते पटकन गल्ल्याखाली लपवले.

"केन्नापासून?" मी विचारलं.

"कांय ना गो. वय जालें."

पण मग त्याला राहवलं नाही. काउंटरच्या मागे स्टुलावर बसून, रस्त्यावरून धडधडत जाणाऱ्या ट्रकांकडे बघत तो हळू आवाजात बोलला. डोकं दुखतं. रात्री झोप लागत नाही. हातांतून मुंग्या धावतात. त्याच्या मते किडनी शरीराने नाकारायला सुरुवात केली होती.

"तिणें आपलें आंग कापून दिल्ली वस्त म्हज्या आंगान परत धाडली, हें तिका कशें सांगूं गौरवी?"

माझ्या काकाला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मलाच रडू यायला लागलं. तेवढ्यात काकी आली. हातात स्टीलचा डबा. झाकण काढून तिने तो काकापुढे ठेवला आणि "सगळें सोंपय" म्हणून दम देऊन भाजी घ्यायला गेली. डब्यात तोरंजनाचा गुलाबी गर होता.

मी त्या डब्याकडे बघत राहिले आणि एकदम सगळं जुळलं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि चवथीभर समोर बसून बघितलं होतं. तरी डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"काका, तें खावं नाका. एक फोडूय नाका!"

त्याला मी जमेल तसं सांगितलं. आपल्या आतड्यात एक प्रोटीन असतं, ते औषधं तोडून टाकतं. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून काका रोज गोळी घेतो, तिचा बराचसा भाग ते तोडतं, हे धरूनच दोतोराने गोळी ठरवली आहे. तोरंजनातलं द्रव्य त्या प्रोटीनच्या खोबणीत जाऊन बसतं आणि उठत नाही. तोडणारंच बंद पडलं की गोळी सगळीच्या सगळी रक्तात उतरते. रोज एक खाल्ली, तरी अंगात तीन-चार खाल्ल्यासारखी. थरथर त्या गोळीची आहे. आणि एवढी गोळी किडनीलाच विष होते.

"म्हणजे किडनी परत वचना?"

"अजून ना. पूण हें आयजच्या आयज बंद कर, आनी दोतोराक सांग."

काकाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "ती गोळी कसली आसता गो? केमिकल?"

"तीय निसर्गाचीच. जपानाच्या मातयेंतल्या एका बारीक जीवाची." ते द्रव्य रक्तातल्या पहारेकरी पेशींमध्ये एका प्रोटीनवर बसतं आणि पेशींना झोपवून ठेवतं, म्हणून परकी किडनी त्यांना दिसत नाही, हेही मी सांगितलं.

काकाने डबा बंद केला. मग म्हणाला, "काकीक सांगूं नाका हां. आपल्याच हातान आपलीच किडनी मारताली हें कळ्ळें जाल्यार ती जेवची ना. दोतोराक हांव सांगतां. तुजी सोपूत." माझी शपथ घेतली म्हटल्यावर मी गप्प बसले आणि ताळगावला परतले.

दसऱ्याला आले, तर बाजारात खनिजाचे ट्रक धुऊनपुसून उभे होते. बॉनेटवर झेंडूच्या माळा. काका दुकानात मजेत होता. हात माझ्यापुढे नाचवून दाखवले, थरथर नावालाही नव्हती. "दाताक लागता म्हण सांगून तोरंजन सोडलें. तिका पत्तो ना!"

"आनी दोतोर कितें म्हणालो?"

"दोतोर बरो. रगत तपासलें, गोळी खूब चडल्या म्हणालो. अर्दी केली."

"तोरंजन सांगल्या उपरांत अर्दी केली?"

काका माळ सारखी करू लागला.

मी तीच गोष्ट पुन्हा विचारली. मग निघालं सगळं. दोतोराने विचारलं होतं, नवीन काही खाल्लं का, झाडपाला, काढा, फळं? काका तोंड उघडणार, तर शेजारी बसलेली काकी ताठ मानेने म्हणाली, "भायलें कांयच ना दोतोर. सगळें म्हज्या हातचें." तिचा तो अभिमान बघून काकाची जीभ लुळी पडली. दोतोराला वाटलं गोळीच जास्त होते, म्हणून त्याने ती कमी केली. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासायला सांगितलं होतं. बरं वाटतंय म्हणून काकाने ते दसऱ्याच्या पुढे ढकललं.

मला त्याक्षणी त्याला झोडपावंसं वाटलं. तोरंजन थांबल्यावर आतड्यातलं ते प्रोटीन नव्याने तयार झालं होतं आणि पूर्वीसारखी गोळी तोडत होतं. आणि गोळी होती अर्धी. अर्धीतली उरणार किती? काकाच्या पापण्या सुजल्या होत्या. मी वाकून त्याच्या घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला तो भरूनच येईना.

"पहारेकरी जागे जाले काका," मी म्हणाले.

शपथ गेली खड्ड्यात. मी सरळ आत गेले. काकी पूजेचं ताट घेऊन बाहेर येत होती. तिथेच, उंबऱ्यावर, सगळं सांगितलं. तिने ताट खाली ठेवलं आणि दुकानात जाऊन काकासमोर उभी राहिली.

"किडनी कोणाची?"

काकाने माळ खाली ठेवली.

"ती मरूंक लागिल्ली, आनी तुमी म्हाका राखताले? म्हाका विचारिल्लें?" तिचा आवाज फाटला. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रस्त्यावर ट्रकवाले बघत असताना मोठ्याने रडली. काका तिच्या नावाने हाका मारत राहिला. तिने डोळे पुसले आणि मला टॅक्सी आणायला पाठवलं.

दोतोरासमोर काका काही बोलायच्या आत तीच बोलली. "तोरंजन. हांवें दिल्लें. दर दिसा, वाटी भरून." एकेक शब्द सुटा. दोतोर रागावला नाही. त्याने फक्त पेन खाली ठेवलं, आणि मला त्याची जास्त भीती वाटली.

किडनी नाकारायला सुरुवात झाली होती. काकाला दाखल केलं, शिरेतून मोठी इंजेक्शनं सुरू झाली. आम्ही दोघी बाकावर बसून नर्सच्या चेहऱ्याकडे बघायचो. लघवी किती झाली, हा जगातला एकच प्रश्न उरला होता. काकीने देवाला एकही नवस बोलला नाही. "देवाच्या माटोळयेंतलेंच तें," एवढंच म्हणाली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

शेवटी दोतोर म्हणाला, "वाचली. पुराय ना, पूण वाचली."

"कितली गेली?" काकीने विचारलं.

तो म्हणाला, आकडे स्थिर झाले की कळेल. गेलेली मात्र परत येत नाही.

दुपारी आम्ही वॉर्डात गेलो. काका भिंतीकडे तोंड करून पडला होता. काकी खाटेच्या कडेला बसली. तिने पांघरुणाखाली हात घातला आणि त्याच्या ओटीपोटाच्या उजव्या बाजूवर ठेवला, जिथे ती किडनी बसवली होती. हाताला लागते ती.

"म्हाका फट, खोटें, सांगल्यार हांव झगडटां, आनी सोंपता," ती म्हणाली. "हिका झगडूंक येना."

काका वळला. या वेळी त्याने विनोद केला नाही.

"म्हाका भंय दिसतालें मालती."

"म्हाका आतांय दिसता," काकी म्हणाली.