न टोचलेली सुई

खिडकीला खिळ्यांनी ठोकलेलं काळं कापड.

वाटाण्याहून लहान, राखाडी गाठ. आत वाळू.

"ठोंब्या, तुझा हात कापतोय की माझा?"

ॲसिडात बुडालेली जाळीदार डबी. वर पेन्सिलीने नंबर, नाव नाही.

एक काच, जी तपकिरी व्हायला हवी होती.

*

प्रयोगशाळेत त्याला सगळे रंगारी म्हणत. मेंदूचे पातळ काप काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे, हे त्याचं काम. साध्या रंगात सगळ्या पेशी सारख्याच दिसतात, अनोळखी लग्नाच्या ग्रुप फोटोतल्या पाहुण्यांसारख्या. पण प्रत्येक प्रकारच्या पेशीत तिचं म्हणून एखादं प्रथिन असतं. त्यालाच चिकटणारी अँटीबॉडी काचेवर सोडली, की तेवढ्याच पेशी तपकिरी होतात. बाकीच्या निळ्या राहतात.

पिनिअल ग्रंथी मेंदूच्या आत खोल बसलेली असते. रात्र झाल्याचं शरीराला कळवणं हे तिचं काम. तिच्यातल्या मुख्य पेशींना एक अँटीबॉडी लागते, त्यांना आधार देणाऱ्या पेशींना दुसरी.

ही ग्रंथी त्याच्या ताईची होती.

*

आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं. ती नर्स. दिवसा त्याच्याजवळ असावं म्हणून तिने रात्रपाळी मागून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तीच करत राहिली. दिवसभर काळ्या कापडाआड पडून असायची, त्याच्या चपलांचा आवाज ऐकत. निवृत्तीनंतर कापड काढलं. झोप मात्र आली नाही ती नाहीच.

देहदान करायचं ठरवलं तेव्हा तिने त्याला समोर बसवलं.

"मी गेले की बघ रे, माझं झोपेचं दुकान कुणी बंद पाडलं ते."

"ताई, काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"अभद्र काय त्यात? परक्याच्या हाती जाण्यापेक्षा तुझ्या हातात बरी. रात्र झाल्याचं कळवणाऱ्या त्या पेशी शिल्लक तरी होत्या का, एवढं बघ. आणि घाई करू नकोस, सवय आहे तुला."

"बघतो."

"बघतो नाही. कबूल म्हण."

"कबूल."

*

"तुम्ही नका करू हे," विभागाच्या मॅडम म्हणाल्या. "मी करते."

"शब्द दिलाय तिला."

मॅडमनी ॲसिडाची बाटली त्याच्याकडे सरकवली. "मग करा. पण अडलं तर हाक मारा. आणि सुई टोचून बघा."

वय झालेल्या पिनिअलमध्ये चुन्याची वाळू साठते. तशीच कापायला घेतली तर पातं अडकतं, कापाच्या चिंध्या होतात. म्हणून ग्रंथी आधी ॲसिडात ठेवायची. जास्त वेळ राहिली तर प्रथिनंच खराब होतात, मग अँटीबॉडी कशाला चिकटणार? कधी काढायची ते सुई सांगते. बारीक सुई टोचायची. कणी लागली तर आणखी थोडं थांबायचं. सुई लोण्यात गेल्यासारखी गेली, की लगेच बाहेर.

त्याने डबी उघडली. सुई उचलली.

लहानपणी त्याला इंजेक्शन द्यायची वेळ आली की ताई सुई धरून नुसती बसून राहायची. वॉर्डात ती गप्पा मारता मारता टोचायची, पेशंट विचारायचे, "झालं पण?" घरी मात्र, "ठोंब्या, तुझा हात कापतोय की माझा?" शेवटी खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरला हाक मारायची.

मॅडम शेजारच्याच खोलीत होत्या.

त्याने हाक मारली नाही. सुई ट्रेमध्ये परत ठेवली. राहू दे आणखी थोडी, निदान पात्याने फाटणार तरी नाही, असं स्वतःशी म्हणून झाकण लावलं. डबी रात्रभर ॲसिडातच राहिली, सकाळी काढली.

काप सुरेख आले. एकही फाटला नाही.

*

दोघांना एकाच वेळी बघता येईल अशा मायक्रोस्कोपवर ते समोरासमोर बसले. तुलनेसाठी घेतलेली दुसऱ्या कुणाची तरी काच दाट तपकिरी होती. मग ताईची, मुख्य पेशींची लावली. निळी. आधाराच्या पेशींची लावली. तीही निळी.

"उरल्याच नसतील का, मॅडम?"

"दोन्ही प्रकारच्या, एकदम? अहो, पेशी आहेत ना. दिसतायत की. कोण कुठली, तेवढं कळायला मार्ग नाही." त्यांनी डोळे वर केले. "टोचून बघितलं होतं?"

"नाही."

"थोडा तुकडा बाजूला ठेवलाय?"

"सगळी एकाच डबीत होती. केवढीशी ती."

मॅडमनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. "हाक मारायची होती हो."

बिघडलेल्या काचा टाकून द्यायची पद्धत होती. त्याने मुख्य पेशींची ती काच टाकली नाही. चांगल्या काचांच्या पेटीत ठेवली. उजेडाने रंग उडतो म्हणून त्या पेटीला काळं झाकण असतं. या काचेवर उडण्यासारखं काही नव्हतं. तरीही त्याने झाकण नीट दाबून बसवलं.

त्याला ही नोकरी लागल्याचं कळलं त्या एका दिवशी मात्र ताई दुपारी जेवून गाढ झोपली, ती दिवे लागल्यावरच उठली.