एकदा मला खालून बघा

मित्रांनो, या घरात शिरल्यावर खिडकीपाशी जे साधेसुधे, चार पायांचे टेबल दिसते, ते मी. माझ्या अंगावर ना वेल, ना बुट्टी. वर मधोमध एक लांब भेग मात्र आहे. पाहुणे आले की आई नेमका तिच्यावर हात ठेवून बसते. त्या भेगेचीच ही गोष्ट.

मला बाबांनी घडवले. ते काही सुतार नव्हते. शिलाई मशिने दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. दुकान बंद केल्यावर त्यांनी घरामागच्या, सायकली ठेवायच्या खोलीत एक मोठा बाक मांडला. रंधा, करवत, पटाशी आणली. अमेरिकेतल्या शेकर नावाच्या, साधेपणाने राहणाऱ्या एका पंथाचे लोक कशी टेबले करत, त्याचे चित्र त्यांनी कुठल्याशा पुस्तकात पाहिले होते. तसेच एक त्यांना आईसाठी करायचे होते.

पहिल्यांदा केलेले पाय काही जमले नाहीत.

"अहो, हे काय? चौघे भाऊ चार उंचींचे!" आई दारातून म्हणाली.

"थांब गं, थोरल्याला जरा समजावतो," म्हणत बाबांनी करवत उचलली. समजावता समजावता चौघेही इतके बुटके झाले की त्यांचे दाराला लावायचे ठोकळे झाले.

मग माझी पाळी आली. बाबांनी माझे पाय खाली आतल्या बाजूने निमुळते केले. पायांत चौकोनी खाचा पाडून आडव्या पट्ट्या त्यांत घट्ट बसवल्या, की झाली चौकट. फळ्या कडेला कड लावून, चिकटवून वरचा एकसंध फळा केला, तो सुकेपर्यंत शिकंज्यात आवळून धरला. मग रंधा फिरवला आणि जवसाचे तेल चोळले. लाकडातल्या रेषा उजळून निघाल्या.

आई हात फिरवून म्हणाली, "इतका खटाटोप केलात, आणि एक फूलसुद्धा कोरलं नाहीत?"

"फूल तू ठेव, रोज ताजं. कोरलेलं कोमेजत नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघतही नाही."

त्या दिवसापासून पाण्याच्या ग्लासात एक फूल माझ्यावर असे.

बाबांची खरी करामत मात्र माझ्या खालच्या बाजूला होती. मित्रांनो, झाड तोडले तरी लाकूड पुरते मरत नाही. दमट हवेत ते फुगते, कोरड्या हवेत आकसते. म्हणून बाबांनी माझा वरचा फळा खालच्या चौकटीला जखडला नाही. फळ्याला खालून लहान लाकडी गुटके लावले आणि त्यांची टोके चौकटीतल्या खाचांत सैल अडकवली. फळ्याला सरकायला जागा राहिली. ऋतू पालटला की एखादा गुटका खाचेत सरके आणि 'कट्' असा आवाज होई.

"कूस बदलली बघ यानं," बाबा म्हणत.

ही करामत त्यांना दादाला, म्हणजे आपल्या मुलाला, दाखवायची होती. तो दर सुट्टीला घरी येई.

"अरे, जरा वाकून खालून बघ. गंमत दाखवतो."

"आलोच बाबा, एवढा एक फोन घेतो."

फोन संपे, जेवण होई, निघायची घाई होई. "पुढच्या खेपेला नक्की हं!"

"बरं बरं. टेबल कुठं पळून जातंय?" बाबा हसत.

मी कुठेच पळालो नाही. बाबाच गेले.

आई माझ्यापाशी बसू लागली. माझा 'कट्' आवाज झाला की म्हणे, "हो हो, कळलं." एकदा दादाने ते ऐकले.

"आई, हे खिळखिळं झालंय. बाबांच्या हातचं एवढंच राहिलंय, मोडायला नको."

"असू दे रे. ते बोलतं कधीकधी."

"टेबलं बोलत नाहीत गं, आई."

त्याने फळा आणि चौकट यांच्यामधल्या फटीत गोंद भरला. वरून लांब स्क्रू पिळले, त्यांची डोकी मेणाने झाकली. सारे मायेने केले, पण खाली वाकून काही पाहिले नाही. त्याने मला हलवून बघितले. मी तसूभर हललो नाही. "आता कसं पक्कं झालं!" तो म्हणाला.

त्यानंतर माझा आवाज बंद झाला. आई कान देऊन बसे.

मग कोरडी, कडक हवा सुरू झाली. मला आकसायचे होते, पण जागाच नव्हती. सोसवले तितके सोसले. एका दुपारी मी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा फाटलो. ग्लास कलंडला, आणि फुलाचे पाणी त्या भेगेतून खाली ठिबकले.

सुट्टीला आलेला दादा धावत आला. "असं कसं झालं? मी तर इतकं घट्ट केलं होतं!" तो जमिनीवर उताणा पडला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा मला खालून पाहिले. तिथे बाबांचे गुटके होते. प्रत्येकापाशी बाबांनी सोडलेली मोकळी जागा होती, आणि त्या जागेत त्याचाच गोंद ओघळून दगडासारखा गोठला होता. तो नखाने गोंद खरवडू लागला. निघेना.

"काय रे, काय आहे तिथं?" आईने विचारले.

"बाबांनी जागा ठेवली होती गं. मीच बुजवली."

गुडघे दुखत असतानाही आई हळूहळू खाली बसली, मग त्याच्याशेजारी आडवी झाली.

"दाखव बघू. मीही कधी खालून पाहिलं नव्हतं."

पुढे दादाने स्क्रू काढले, गोंदही बराचसा निघाला. भेग राहिली. आवाज काही परत आला नाही. ऋतू पालटताना आई अजून वाट बघते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जपा, पण त्या कशाने टिकल्या आहेत ते आधी वाकून बघा. आणि घरातले कुणी तुम्हाला म्हणाले, "जरा ये, गंमत दाखवतो," तर हातातले ठेवा आणि जा. आम्ही टेबले कितीही थांबतो. माणसांना तितके थांबता येत नाही.